माझ्या नावावरची किरणं

माझं रक्त फार प्रसिद्ध आहे. ते काढून घ्यायला मला दर वर्षी समुद्राकाठच्या एका मोठ्या दवाखान्यात बोलावतात. जाण्यायेण्याचं भाडं देतात, खाटेवर पांढरी चादर घालतात आणि उपाशीपोटी आलात ना, असं गोड आवाजात विचारतात. आमच्या घरात मला इतक्या गोड आवाजात कोणी काही विचारत नाही.

कारण असं की तरुणपणी मी तिथल्या अणुवीज कारखान्यात ठेकेदाराकडे मजुरी करत होतो. एके दिवशी आत मोठी गळती झाली. त्या दिवशी आत असलेल्या मजुरांपैकी सगळ्यांत जास्त किरणं माझ्या अंगातून गेली, अशी तिथल्या डॉक्टर लोकांची पक्की समजूत आहे. हा माणूस सत्तरी ओलांडून जिवंत कसा, एवढंच नाही, तर दोन वेळा जेवून वर तंबाखू-सुपारीचा खर्रा कसा चघळतो, हे त्यांना बघायचं असतं.

ते मी इथंच सांगून टाकतो. मी त्या दिवशी आत नव्हतो. मी सिनेमाला गेलो होतो.

आत होता तो माझा सोबती. त्याचा तांडा महागावकडच्या रस्त्याला, आमच्या गावापासून एका नाल्याच्या अंतरावर. तो बंजाऱ्यांचा, मी कुणब्यांचा. पुसदला फिटरचं काम दोघं एकाच बाकावर बसून शिकलो, म्हणजे तो शिकला आणि मी बाकावर बसलो. पुढं ठेकेदाराचा माणूस पोरं गोळा करत आला तेव्हा दोघं एकाच ट्रकमधून गेलो. कारखान्याचं नाव मी सांगत नाही. सांगून त्याचं काही बिघडणार नाही, माझं मात्र डोकं दुखेल.

तिथं आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला लावत. माणसानं किती किरणं खाल्ली ते हा बिल्ला मोजतो, असं आम्हाला सांगितलं होतं. महिन्याकाठी बिल्ले तपासायला जात. ज्याचा बिल्ला भरला तो आतल्या कामातून बाद, मग त्यानं बाहेर गवत कापायचं. साहेबांच्या दृष्टीनं ही आमची काळजी होती. आमच्या दृष्टीनं ती शिक्षा होती, कारण आत जाणाऱ्याला रोजीवर भत्ता होता आणि गवत कापणाऱ्याला डास होते.

त्यामुळं आम्हा मजुरांची एक रीत पडली होती. बिल्ल्याला आत न्यायचंच नाही. मी माझा बिल्ला कँटीनमध्ये चहाच्या बंबामागं खिळ्याला टांगून ठेवायचो. मी आत घाम गाळायचो आणि माझा बिल्ला तिकडं चहाचा वास घेत बसायचा. आमच्या खोलीत सगळ्यांच्या चपला सामायिक होत्या, जी सापडेल ती घालून परसाकडं जायचं. बिल्ल्यांचंही तसंच झालं होतं. ह्याचा बिल्ला त्यानं लावला, त्याचा तिसऱ्यानं. फाटकावरचा माणूस बिल्ला बघायचा, तोंड बघत नव्हता. पांढरे कपडे, टोपी आणि नाकावर फडकं घातल्यावर बघण्यासारखं तोंड उरतच नव्हतं.

माझा सोबती मात्र बिल्ला रोज लावायचा. त्याला सांगितलं होतं लाव, म्हणून तो लावायचा. साहजिकच त्याचा बिल्ला भरला आणि त्याला गवतावर पाठवलं. माझा बिल्ला कोरा करकरीत. इमानदार माणूस बाहेर आणि लबाड आत, हे जगात सगळीकडं चालतं, तिथं ते यंत्रानं मोजून चालत होतं.

त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती आणि गावात नवा सिनेमा लागला होता. मी खोलीत कुरकुर करत बसलो होतो. तो म्हणाला, "जाय ना मंग पिक्चरले. मी जातो तुह्या जागी. गवतावर दुपारी कोन पाह्यते? बिल्ला दे तुहा."

"अन् भत्ता?"

"भत्ता माहा. लगन हाय ना बे माहं. तांड्यातले लोकं मले जेवतीन का लगनात?"

त्याचं लग्न ठरलेलं होतं आणि त्याला जेवणावळ दणक्यात करायची होती. मी त्याला खिळ्यावरचा बिल्ला काढून दिला. स्वतःच्या हातानं त्याच्या खिशावर लावला आणि वर म्हणालो, "पाह्य, हरवू नको."

त्याच दुपारी आत कुठल्याशा नळाचा जोड सुटला. भोंगे वाजले. पाणी जमिनीवर पसरलं आणि ते पाणी साधं नव्हतं. आसपासच्या वाड्यांतली माणसं गाड्यांत घालून लांबच्या शाळांमध्ये नेऊन ठेवली, गोठ्यांत जनावरं बांधलेलीच राहिली. शिकलेली माणसं पाठीमागं सरकली आणि न शिकलेल्यांच्या हातात बादल्या आणि फडकी आली. माझा सोबती माझं नाव छातीवर लावून ते पाणी पुसत होता. नंतर मी त्याला विचारलं होतं, कसं होतं रे आत? तो म्हणाला, "पानी कोमट होतं बे. हाताले बरं वाटत होतं."

बाहेर काढल्यावर त्याला साबणानं घासलं. मग पुन्हा घासलं. डोक्यावरचे केस काढले. नाव विचारलं तेव्हा त्यानं माझं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर दोघांनाही हाकललं असतं आणि भत्ताही बुडाला असता. सिनेमा सुटल्यावर मी शीळ घालत खोलीवर आलो, तर हा टकलू होऊन खाटेवर बसलेला.

"अबे, काय झालं?"

"तू भट्टीत सापडला," तो म्हणाला. "सकाळी तुले रक्त द्याले जा लागते."

"मले काहून?"

"आत तू होता ना."

मी कपाळाला हात लावला. पण डॉक्टरांसमोर टकलू माणूस जायला हवा होता आणि माझ्या डोक्यावर तर चांगले दाट केस, त्यावर तेल. मी पळत न्हाव्याकडं गेलो. त्यानं वस्तरा हातात घेऊन हळू आवाजात विचारलं, "घरचं कोणी गेलं का?" मी म्हणालो, "कोण गेलं ते अजून ठरायचं आहे." तेव्हा हे मी चेष्टेनं म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या दंडातून रक्त काढलं. ते उत्तम निघालं. पुढच्या आठवड्यात काढलं, तेही उत्तम. डॉक्टरांना बिल्ल्याचा आकडा आणि माझं रक्त ह्यांचा मेळ लागेना. बिल्ल्याप्रमाणं मी खाटेवर आडवा असायला हवा होतो आणि मी तर दुपारच्या जेवणात भात परत मागत होतो. त्यांनी ठरवलं की ह्या माणसाला जन्मभर तपासायचं.

माझ्या सोबत्याला कोणीच तपासलं नाही. तो कागदोपत्री त्या दिवशी गवत कापत होता.

थोड्याच दिवसांत आम्ही दोघं गावी परतलो, दोघंही टकलू. माझी कीर्ती आधीच येऊन पोहोचली होती. पहिले काही महिने माझ्या हातचं पाणी कोणी घेईना. माझं लग्न जुळवायला निघाले तर लोक आईला बाजूला घेऊन विचारत, "अंधारात चमकते का हो तुमचा पोरगा?" शेवटी मारेगावकडच्या एका गृहस्थांनी मला घरी बोलावलं. चहा पाजला, मग भर दुपारी कापसाच्या कोठीत नेलं, दार लावलं, खिडकीला पोतं लावलं आणि समोर उभे राहून मला निरखत राहिले. काही वेळानं म्हणाले, "शर्ट काढा." मी काढला. पुन्हा निरखलं. मग दार उघडून त्यांनी बायकोला आवाज दिला, "साधाच हाय!" हे माझे सासरे.

पुढं भीती ओसरली आणि लोकांना माझा अभिमान वाटू लागला. शाळेत विज्ञानाचा काही दिवस असला की मला हार. मी भाषण करायचो, त्यात दर वर्षी पाणी थोडं जास्त गरम व्हायचं. एका शेतकऱ्यानं मला बोंडअळी मारायला त्याच्या कपाशीत लघवी करायला बोलावलं होतं. मी केली. बोंडअळीवर काही परिणाम झाला नाही, तिनं माझ्यापेक्षा जहाल औषधं पचवली होती.

इथवरचं मी पारावर बसून कित्येकदा मनातल्या मनात सांगितलं आहे आणि स्वतःशीच हसलो आहे. आता जे सांगतो त्यात हसण्यासारखं नाही.

एका वर्षी मी तपासणीला गेलो तेव्हा कारखान्याजवळच्या वाड्यांतली माणसं दवाखान्यात आली होती. गळतीनंतर आमच्या घरात आजार वाढले, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून त्यांच्यासमोर उभं केलं. म्हणाले, ह्या माणसानं त्या दिवशी सगळ्यांत जास्त किरणं घेतली, विचारा ह्याला काय झालं ते. लोक माझ्याकडं बघू लागले. पुढच्या बाजूला एक बाई होती, तिच्या पोराच्या मानेवर गाठ होती. मी म्हणालो, "मला काही झालं नाही." आणि दंड वाकवून दाखवला. दोघंतिघं हसले. बाई हसली नाही. तिनं पोराच्या मानेवर पदर घातला आणि उठून गेली. त्या पोराची गाठ कशाची होती मला ठाऊक नाही. माझा दंड मात्र सिनेमा बघितलेल्याचा होता, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

सोबत्याला काय झालं ते सांगतो. चाळिशी गाठायच्या आधी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. आमच्या गावात म्हातारे चिडवायचे, आमच्या आधी तुझा नंबर कसा लागला रे. मग गळ्यात गाठ आली. नागपूरला नेऊन गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढली. कॅन्सर होता, पण वेळेत सापडला. तेव्हापासून तो रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी घेतो आणि ती जन्मभर घ्यायची आहे. शस्त्रक्रियेत आवाजाची नस दुखावली. होळीला तांड्यात लेंगीची गाणी म्हणतात, डफाच्या तालावर, रात्रभर. लेंगी उचलायला अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखा माणूस नव्हता. त्यानंतर होळीला तो डफ धरून कडेला उभा राहू लागला.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला खर्रा सोड म्हणून झापलं. त्यानं आयुष्यात खर्रा खाल्ला नव्हता. खर्रा खाणारा मी होतो, त्याच्या शेजारी गप्प उभा, गालात सुपारी धरून. कुठं विषारी जागी काम केलंत का, असंही डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, "गवत कापलं जी."

त्याची बायको, माझी वहिनी, दर वर्षी माझी पिशवी बघून टोमणा मारायची. "चालले काय भाऊजी सासुरवाडीले? चांगलं पाहून घ्या आंग. आमच्या मानसाले तं कोनी इचारत नाही." मी दात काढायचो. सोबती मान खाली घालून काडीनं भुईवर रेघा ओढत बसायचा.

त्यानं मला एका शब्दानं कधी काही म्हटलं नाही. तो सिनेमा कसा होता, हेसुद्धा कधी विचारलं नाही. म्हटलं असतं तर मी उलट काहीतरी बोललो असतो आणि मोकळा झालो असतो.

ह्या वर्षी कापूस घरात आला त्या सुमाराला त्याच्या मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली. पुन्हा नागपूर. तिथला डॉक्टर तरुण होता, बोलका होता. तो म्हणाला, इतक्या वर्षांनी परत आलंय आणि गाठीचं वागणं जरा विचित्र दिसतंय. किरणांशी संबंध आला असता तर वेगळ्या दिशेनं विचार केला असता, अशा माणसांवर त्या कारखान्याच्या दवाखान्यातले लोक खास उपचार करतात, आयुष्यभर बघतात. पण तुमचं तसं काही दिसत नाही.

तो बोलत होता आणि मी छताच्या पंख्याकडं बघत होतो.

परतल्यावर मी तांड्यावर गेलो. तो ओट्यावर तुरीच्या शेंगा निवडत बसला होता. मी म्हटलं, "लेका, आता मी सांगून टाकतो तिथं. आत मी नव्हतो, तू होता."

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज म्हणजे आता सुपातला कोंडा हलवल्यासारखा येतो.

"काहून नाही? मरशील ना बे."

"मरन तं मरन. नातीचं जमून राह्यलं पुसदले. पोरगा चांगला हाय. त्यायले समजलं का आजोबा भट्टीतला हाय, तं ते काय म्हनतीन? रक्तात हाय म्हनतीन. तुले कोठीत कोंडलं होतं ना तुह्या सासऱ्यानं? माह्या नातीले कोंडतीन."

"त्यात काही खरं नाही. तुले पोरं झाले, नातवंडं झाले, सगळे धडधाकट..."

"खरं नाही हे मले मालूम हाय. त्यायले कोन सांगन? तू?" तो माझ्याकडं बघून हसला. "तूच तं शाळेत जाऊन सांगून राह्यला इतके वर्सं, का पानी उकळत होतं अन् भिंती निळ्या झाल्या होत्या."

हे मला लागलं, कारण निळ्या भिंती खरंच माझ्या होत्या. एका वर्षी भाषण फिकं पडत होतं म्हणून घातल्या होत्या.

वहिनी दाराआडून बाहेर आली. हातात पिठाची परात होती. मला वाटलं, आता ती विचारेल काय चाललंय आणि मला पहिल्यापासून सांगावं लागेल. तिनं परात खाली ठेवली.

"झालं दोघायचं?" ती म्हणाली. "मले मालूम हाय."

सोबत्याचा हात शेंगांत तसाच राहिला. "काय मालूम हाय तुले?"

"लगनात फेटा सरकला तवा पाह्यलं. नवरदेव टकला. म्या म्हटलं, असन बाप्पा, यायच्या बापाचं काही झालं असन. पन बाप तं समोर बसून बुंदी खाऊन राह्यला होता. मंग पाह्यलं तं दोस्तबी टकला. अन् भट्टीत गेलता म्हने एकटा दोस्त." ती माझ्याकडं वळली. "एक मानूस आत गेला अन् दोघायचे केस गेले, हे कसं भाऊजी? म्या काही शाळा नाही शिकली, पन दोन डोस्के मोजता येते मले."

आम्ही दोघं म्हातारे शाळेत पकडलेल्या पोरांसारखे बसून राहिलो.

"मंग बोलली काहून नाही?" त्यानं विचारलं.

"पाहून राह्यली होती, का दोघांतून आधी कोनाले लाज वाटते." ती पुन्हा परातीपाशी बसली. "अन् पुसदवाल्यायचं मी पाहतो. येऊ द्या त्यायले. म्हनन, कोठीत बसवा पोरीले अन् दार लावून पाहा. चमकली तं तुमचं लाइटबिल कमी येईन."

"तू चूप बस," तो म्हणाला.

"मी चूपच तं बसली. तुमचा गळा कापला तरी चूप. आता दुसऱ्यांदा मी जिवंत मानसाले कापू देत नाही. जा त्यायच्या संगं. मानूस सोबत पाहिजे म्हनून जा. भाऊजी म्हातारे झाले, एकटे कसे जातीन?"

मी म्हातारा वगैरे झालो नव्हतो, पण ही वेळ वाद घालायची नव्हती.

महागावहून एसटीनं नांदेड, तिथून रेल्वे. तो खिडकीशी बसला. जेवणाच्या डब्यात वहिनीनं दिलेली भाकर आणि ठेचा होता. गाडी सुटल्यावर तो म्हणाला, "मी तुह्या सोबत आलो. बाकी काही नाही." मी म्हटलं, "हाव ना." त्यानं शेंगदाणे माझ्याकडं सरकवले. अर्ध्या वाटेत त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि मी पुन्हा तेच म्हटलं. त्याला मान फिरवता येत नव्हती, त्यामुळं माझ्याकडं बघायला तो अख्खा फिरायचा आणि शेजारची बाई दचकायची.

दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टरीण आहे. आमचं बोलणं हिंदीत झालं, मी ते मराठीत लिहितो. तिनं उपाशीपोटी आलात ना, असं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं माझ्या दंडाला रबर बांधायला घेतलं, तेव्हा मी हात मागं घेतला.

"ह्याचं घ्या," मी सोबत्याकडं बोट केलं.

"हे कोण?"

"आत हा होता. मी नव्हतो. बिल्ला माझा होता, माणूस हा होता."

तिला आधी वाटलं मला भ्रम झालाय. तिनं मला आजचा वार विचारला. मी सांगितला. मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, बंबामागचा खिळा, भत्ता, न्हावी आणि ती पोराच्या मानेवर पदर घालणारी बाईसुद्धा. न्हाव्यापाशी ती हसली आणि लगेच थांबली. ती खुर्चीवर बसली आणि तिनं बराच वेळ रबर बोटाला गुंडाळलं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही..."

"सिनेमा पाहिलेल्या माणसाचं रक्त तपासलं," मी म्हणालो. "चांगलं आहे ना ते?"

"फारच चांगलं आहे," ती म्हणाली आणि ते तिला आवडलेलं दिसलं नाही. "तुमच्या रक्तावरून आम्ही काय काय ठरवलं, तुम्हाला कल्पना आहे का?"

थोडी होती. तेवढ्यानंच मला इतकी वर्षं बसल्या जागी खाज सुटत होती.

तिनं स्पष्ट सांगितलं की हे लिहून दिल्यावर मला इथं पुन्हा कोणी बोलावणार नाही, उलट चौकशी होईल, भाडं परत मागतील. मी म्हणालो, लिहा. मग ती उठून सोबत्याजवळ गेली. त्याच्या मानेला बोटं लावून दाबून पाहिलं. डोळ्यांत बॅटरी मारली. आवाज कधी गेला, गोळी कोणती घेता, डोळ्यांची शस्त्रक्रिया किती वर्षांचे असताना झाली, हे ती त्याला विचारत होती आणि तो उत्तरं देत होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला हे प्रश्न ह्या इमारतीत विचारत होतं.

"हे त्या पाण्यामुळंच झालं, असं मी छाती ठोकून सांगू शकत नाही," ती त्याला म्हणाली. "असे आजार पाण्याजवळ न गेलेल्या माणसांनाही होतात. पण तुम्ही आत होतात हे धरून तपासणं वेगळं आणि गवत कापत होतात असं धरून तपासणं वेगळं. आजपासून आपण पहिल्या पद्धतीनं तपासू. इथं राहावं लागेल काही दिवस."

तो माझ्याकडं बघायला अख्खा फिरला. त्याला पुसदचं स्थळ आठवत होतं, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "लाइटबिलाचं वहिनी पाहते ना."

त्यानं बाही वर केली. दंड वाळक्या लाकडासारखा झाला आहे, त्याच दंडानं तो डफ वाजवायचा. डॉक्टरीणबाईनं नळीवर चिकटवायची पट्टी हातात घेतली आणि पेन काढलं.

"नाव?"

त्यानं माझं नाव सांगितलं.

मुद्दाम की सवयीनं, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही. त्यानं सांगितलं मात्र अगदी सहज, त्या दिवशी साबणाखाली उभं राहून सांगितलं असेल तसं. तिचं पेन थांबलं. मी पुढं झालो आणि त्याचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, तांड्यासकट. जरा मोठ्यानंच सांगितलं असावं, कारण बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली. तिनं ते लिहिलं आणि पट्टी नळीवर चिकटवली.

सुई आत गेली. त्यानं तोंड वाकडं केलं आणि नळी भरताना बघत राहिला. मी भिंतीला टेकून उभा होतो. पोटात भुकेनं कावळे ओरडत होते आणि आज माझं रक्त कोणालाच नको होतं.

"काय बे," तो म्हणाला. एवढ्या घोगऱ्या आवाजातही मला ते नीट ऐकू आलं. "तो पिक्चर कसा होता?"

ह्याचं उत्तर मी इतक्या वर्षांत कित्येक प्रकारे तयार करून ठेवलं होतं. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"मालूम नाही," मी म्हटलं. "मी झोपलो होतो. आंदर थंडी हवा होती ना."

त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि मग तो हसायला लागला. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि दंडातली सुई हलत होती. डॉक्टरीणबाई ओरडली, "हलू नका, हलू नका!" आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन बसा."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. आतून तिचं ओरडणं अजून ऐकू येत होतं.